पिकअपचे क्रॉस बदलले: दोन रविवार आणि एक सुई

काजूचा हंगाम आटोपला, बोंडूंच्या खेपा थांबल्या आणि पिकअप दोन आठवडे मोकळी झाली. पाऊस सुरू व्हायच्या आत क्रॉस बदलायचं काम करायचंच होतं. क्रॉस म्हणजे इंजिनाचं फिरणं मागच्या चाकांकडे नेणाऱ्या लांब शाफ्टच्या जॉइंटमधला अधिकच्या चिन्हासारखा तुकडा. त्याच्या चार दांड्यांवर बारीक सुयांच्या बेअरिंगचे कप बसतात.

मार्चपासून न्यूट्रलमधून रिव्हर्स टाकला की गाडीच्या पोटातून एकच 'टण्ण' यायचा. कुळागराच्या वाटेवर हळू चालवताना चिमणीसारखी चिवचिवही ऐकू यायची, आणि वेग वाढला की तीही भराभर व्हायची. चिवचिव म्हणजे क्रॉसच्या सुया कोरड्या पडल्यात, टण्ण म्हणजे झीज झालीय. खाली शिरून पाहिलं तर मागच्या क्रॉसच्या कपाभोवती लाल भुकटी. आधी वाटलं, आपल्याच साखळी गावची लाल माती. पुसून काढली, तर दोन दिवसांत पुन्हा तिथेच. ती गंजाची भुकटी होती. शाफ्ट हाताने उलटसुलट पिळला तर मागच्या जॉइंटमध्ये खेळ सरळ हाताला लागला.

पहिला रविवार. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी चिरे लावले, मागचा भाग जॅकने उचलून स्टँडवर ठेवला. चिरे फक्त चाक अडवायला, गाडी त्यांच्यावर कधीच टेकवायची नाही. वजन आलं की चिरा काही न सांगता फुटतो. दुसरं, शाफ्ट निघाला की गाडी गिअरमध्ये ठेवून काही उपयोग नाही, इंजिन आणि चाकं यांचा संबंधच तुटतो.

बोल्ट सैल करताना हँडब्रेक ओढायचा, पुढचा बोल्ट समोर आणायला सोडायचा. पण पान्हा लावायच्या आधी खुणा. मी पंचने ठोकल्या, कारण रंगाची खूण डिझेलने धुतली जाते. दोन्ही फ्लँजवर, म्हणजे बोल्टने जोडलेल्या चकत्यांवर, आणि स्प्लाइनच्या, म्हणजे शाफ्टचे दोन भाग एकात एक सरकतात त्या दातेरी जोडाच्या, दोन्ही बाजूंना. स्प्लाइनवरची खूण सगळ्यांत महत्त्वाची. क्रॉस वाकलेल्या कोनात फिरतो तेव्हा त्याच्या पलीकडचा शाफ्ट एकसारखा फिरत नाही. १० अंशांच्या कोनात त्याचा वेग एका फेरीत दोनदा साधारण दीड टक्का वाढतो आणि दोनदा तेवढाच कमी होतो. दुसऱ्या टोकाचा जॉइंट हा चढउतार पुसून टाकतो, पण शाफ्टच्या दोन्ही टोकांचे योक, म्हणजे क्रॉस धरणारे दोन कानांचे चिमटे, एका रेषेत असतील तरच. स्प्लाइन एक दात चुकली तर नवे क्रॉस घालूनही गाडी थरथरणार.

कप जागेवर धरणाऱ्या सर्कलिप, म्हणजे स्प्रिंगच्या कड्या, गंजून बसल्या होत्या. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवलं म्हणूनच निघाल्या. कप काढायला शिकंजा आणि दोन सॉकेट: एका बाजूला कपापेक्षा लहान, ढकलायला, दुसऱ्या बाजूला मोठा, समोरचा कप त्यात शिरायला. शेजारचे काका एकेकाळी खाणीच्या टिपरांचं काम करायचे. मी घाईने हातोडा उचलला तसे म्हणाले, "अरे, कानाला मारू नकोस. कान वाकला तर नवा कप कधीच सरळ बसायचा नाही." शाफ्टच्या नळीलाही तेच लागू, तिला पोचा आला की बॅलन्स गेला. जुना क्रॉस हातात घेतला तर दांड्यांवर सुयांच्या रेघा कोरल्यासारख्या उमटलेल्या. अंगठ्याच्या नखाला त्या मोजता येत होत्या.

जुना क्रॉस घेऊन म्हापशाला गेलो. कपाचा व्यास आणि समोरासमोरच्या कपांमधलं बाहेरून बाहेर अंतर व्हर्नियरने जुळवलं आणि ग्रीस निप्पलवाले तीन घेतले. शाफ्ट खाली काढलाच आहे तर सगळेच बदलावेत.

नवा क्रॉस बसवताना अडलो. तीन कप व्यवस्थित गेले, चौथा दाबत नेला तरी सर्कलिपची खाच अर्धीच दिसत होती. आणखी जोर लावायची इच्छा झाली होती. काकांनी शिकंज्याच्या दांड्यावर हात ठेवला. "सुई पडलीय. काढ." कप बाहेर काढला. एक सुई उभी राहायची ती तळाशी आडवी पडली होती. आणखी दाबलं असतं तर तीही मोडली असती आणि कपाचा तळही. त्या दिवशी तिथेच थांबलो.

दुसऱ्या रविवारी कपात घट्ट ग्रीस लिंपून सुया एकेक चिकटवून घेतल्या. कप आत जात असताना क्रॉस सतत दोन्ही कपांत थोडाथोडा शिरलेला ठेवला, म्हणजे सुयांना पडायला जागाच राहत नाही. तिन्ही क्रॉस दुपारपर्यंत बसले. मधला बसल्यावर हाताला जड फिरत होता. तांब्याच्या हातोडीने योकच्या मुळाशी हलकी थाप दिली, कप जरा बाहेर सरकून सर्कलिपला टेकले आणि जॉइंट मोकळा झाला. मग चारही सीलमधून ग्रीस डोकावेपर्यंत निप्पलवर ग्रीस गन मारली. मागच्या क्रॉसच्या एका सीलमधून ते येईना, तेव्हा जॉइंट हलवत हलवत गन मारत राहिलो आणि आलं.

खुणा जुळवून शाफ्ट चढवला, नवे नट टॉर्क पान्ह्याने आवळले. संध्याकाळी केरीपर्यंत जाऊन आलो. रिव्हर्स टाकला, टण्ण नाही. चिवचिवही नाही. ताशी ५० च्या आसपास बारीक थरथर अजून आहे. शाफ्टला मधोमध आधार देणाऱ्या सेंटर बेअरिंगचं रबर मऊ पडलंय, शाफ्ट बाहेर असतानाच ते दिसलं होतं, पण भाग हाताशी नव्हता. ते पुढचं काम. मीटरचा आकडा वहीत लिहून ठेवलाय. ५०० किलोमीटर झाले की बोल्ट पुन्हा तपासेन, आणि पावसात गाडी ओहोळातून गेली की त्याच आठवड्यात ग्रीस.