पोहे गरम ‘इज’ की ‘आर’?

मराठी व्याकरणात नामाचे मुख्य प्रकार तीन: सामान्यनाम, विशेषनाम, भाववाचक नाम. इंग्रजीच्या वहीत समूहवाचक आणि पदार्थवाचक हे दोन वाढतात. मुलं पाचही व्याख्या पाठ करतात, ‘ऑनेस्टी’पुढे ‘ॲबस्ट्रॅक्ट’ लिहून गुण मिळवतात, आणि लगेच निबंधात ‘मेनी ॲडव्हाइसेस’ लिहून येतात. व्याख्या येत असते, अडतं ते मोजण्यापाशी. माझ्या मते शिकवायला सुरुवातच तिथून करावी.

नागपुरात तर्री पोहे सगळ्यांच्या ओळखीचे. मराठीत ‘पोहे गरम आहेत’, म्हणून इंग्रजी बोलताना तोंडात ‘आर’ येतं. इंग्रजीत मात्र तो ‘राइस’सारखा न मोजता येणारा पदार्थ: ‘द पोहा इज हॉट’. केसांचंही तसंच. डोक्यावरचे सगळे केस मिळून ‘माय हेअर इज लाँग’. पण तर्रीत एकच केस सापडला, तर तो ‘अ हेअर’. आपण सल्ले देतो, बातम्या ऐकतो; इंग्रजीत ‘ॲडव्हाइस’ एकवचनीच राहतो आणि ‘न्यूज’च्या शेवटी एस असूनही ‘इज’च लागतं. कात्री, चष्मा, पँट यांचं नेमकं उलटं. मराठीत वस्तू एक, इंग्रजीत अनेकवचन: ‘द सिझर्स आर शार्प’. एकच हवी असेल तर ‘अ पेअर ऑफ सिझर्स’.

कधी कधी मराठी मदतीलाही येते. ‘माहित्या’ असं आपण म्हणत नाही ना? मग ‘इन्फर्मेशन’लाही एस नको.

‘सिझर्स’सारखे जोडीचे शब्द सोडले, तर शंका आली की शब्दापुढे ‘टू’ लावून पाहावं. ‘टू चेअर्स’ जमतं, ‘टू फर्निचर्स’ जमत नाही. जमलं नाही की ‘अ’ किंवा ‘ॲन’, अनेकवचनाचा एस आणि ‘मेनी’ हे तिन्ही बाद. ‘सम’ किंवा ‘मच’ वापरावं आणि मोजायचंच असेल तर माप आणावं: ‘अ पीस ऑफ ॲडव्हाइस’, ‘टू बॅग्ज ऑफ सिमेंट’.

मात्र वाक्य न देता नुसता शब्द देऊन प्रकार विचारला, तर तो प्रश्नच अपुरा असतो. ‘अ डझन ऑरेंजेस’मधली संत्री मोजता येतात, संत्रा बर्फीत ‘देअर इज सम ऑरेंज इन इट’ म्हटलं की तोच शब्द न मोजता येणारा पदार्थ होतो. ‘आयर्न’ म्हणजे लोखंड, ‘ॲन आयर्न’ म्हणजे इस्त्री.

विशेषनामात चुका होतात त्या लिहिताना, कारण देवनागरीत लहानमोठी अक्षरं नाहीत. ‘अंबाझरी लेक’मध्ये लेक हा नावाचाच भाग, म्हणून त्याचंही पहिलं अक्षर कॅपिटल, नुसता ‘द लेक’ असेल तर लहान. वार आणि महिने कॅपिटलने, ऋतू लहान अक्षराने. तलावाच्या नावाआधी ‘द’ येत नाही, नदीच्या नावाआधी येतो: ‘द नाग रिव्हर’.

समूहवाचकात ‘टीम’ला ब्रिटिश इंग्रजीत ‘आर’ही चालतं, परीक्षेत ‘इज’ लिहिणं सुरक्षित. ‘पोलीस’ला मात्र कायम ‘आर’. ‘एक पोलीस आला’ हे मराठीत बरोबर, ‘अ पोलीस केम’ हे इंग्रजीत चूक. तिथे ‘अ पोलीस ऑफिसर केम’ असंच लिहावं लागतं.