‘पिल्लू आहे का? किंमत कळवा’

लॅब्रॅडॉरचं पिल्लू आणायचं घरात ठरलं आणि त्याच रात्री मी मेल टाकून मोकळा झालो. विषयाची ओळ कोरी. मजकूर एवढाच: ‘पिल्लू आहे का? किंमत कळवा.’ वर नमस्कार नाही, खाली नाव नाही. शिवाय वेळ वाचवायचा म्हणून पाच ब्रीडरचे पत्ते एकाच ओळीत टाकून ती पाचही जणांना एकदम धाडली. प्रत्येकाला उरलेल्या चौघांचे पत्ते दिसत असणार, हे माझ्या लक्षात आलं तिसऱ्या दिवशी.

तिघांनी उत्तरच दिलं नाही. चौथ्याचं दोन मिनिटांत आलं: गोंडस फोटो, आणि ‘आजच्या आज ॲडव्हान्स पाठवा, नाहीतर पिल्लू जाईल.’ आईसोबतचा व्हिडिओ मागितला, तर आई गावाला पाठवली आहे म्हणे! कुत्री गावाला? ‘नको, धन्यवाद’ लिहून तो विषय संपवला. पाचव्या बाईंचं उत्तर एका ओळीचं: ‘पिल्लं आहेत. आपण कोण?’

खरं सांगतो, राग आला. पैसे मी मोजणार आणि उलटतपासणीही माझीच? पण दोन दिवसांनी माझीच मेल पुन्हा वाचली आणि वरमलो. जुनं कपाट विकत घेतानासुद्धा माणूस याहून बरं बोलतो.

मग त्या बाईंना नीट बसून लिहिलं. विषय: ‘लॅब्रॅडॉर पिल्लाबद्दल चौकशी’. आधी आमची माहिती: घरात कोण कोण, मुलगी आठ वर्षांची, फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, दिवसा घरी कोण असतं, याआधी कुत्रा पाळलेला नाही. त्यानंतर प्रश्न: जन्मतारीख काय, आई बघायला मिळेल का, कुठल्या तपासण्या झाल्या आहेत. किंमत शेवटी विचारली.

दुसऱ्या दिवशी भलंमोठं उत्तर आलं. पिल्लं पाच आठवड्यांची आहेत, आठ आठवडे पूर्ण झाल्याशिवाय देणार नाही. चावा किती जोरात घ्यायचा हे ती आईकडून आणि भावंडांकडूनच शिकतात. जंताचं औषध सुरू आहे. पहिली लस देऊन डॉक्टरांच्या सहीचं कार्ड सोबत मिळेल, पुढचे डोस आणि १२ आठवड्यांनंतरची रेबीजची लस तुम्ही द्यायची. आई-बापाच्या खुब्यांच्या एक्स-रेचे रिपोर्ट जोडले होते, कारण या जातीत खुब्याच्या सांध्याचा आजार आनुवंशिक असतो. आणि बाईंचे मला दोन प्रश्न: पिल्लू रोज किती तास एकटं राहील? पुढे सांभाळणं जमलं नाही, तर परत माझ्याकडेच आणून द्याल का?

इथे मी दुसरी चूक केली. घरात चर्चा चालू होती, म्हणून सहा दिवस गप्प बसलो. सातव्या दिवशी त्यांचीच मेल: ‘घ्यायचं नसेल तर काही हरकत नाही, पण तेवढं कळवा. तुमच्यासाठी एक पिल्लू थांबवून ठेवलंय, दोघांना नाही म्हटलंय.’ आम्ही ‘बघू, करू’ करत बसलो होतो आणि तिकडे माझ्या नावावर एक जीव अडकून पडला होता. ‘विचार चालू आहे, रविवारपर्यंत सांगतो’ एवढं लिहायला मिनिटसुद्धा लागलं नसतं. तेव्हाच माफी मागितली, भेटीची वेळ ठरवली आणि दोन्ही प्रश्नांची खरी उत्तरं लिहिली: दुपारचे तीन तास एकटं राहील, आणि हो, तुमच्याकडेच आणू.

पिल्लू आणायला गेलो तेव्हा न राहवून विचारलं, ‘माझ्या त्या पहिल्या मेलला तुम्ही उत्तर दिलंतच कसं?’

बाई हसल्या. ‘तुम्ही सगळ्यांचे पत्ते दाखवलेत ना! त्यातल्या दोघी माझ्या मैत्रिणी. हे कोण महाशय, यावर आमचं फोनवर बोलणं झालं. विचारायचं कोणी, एवढंच ठरायचं होतं.’