ब्लॅकपूलचा सातबारा

आमच्या घरात ‘सातबारा’ हा शब्द कुणी हसत उच्चारल्याचं मला आठवत नाही. अण्णांच्या कपाटातल्या खालच्या खणात, दुधाच्या पिशवीसारख्या जाड प्लॅस्टिकमध्ये तो असतो आणि बाहेर निघतो तो चुलत्यांशी भांडण तरी असतं किंवा सोसायटीचं कर्ज तरी. त्यामुळे एका रात्री इंग्लंडमधल्या जुन्या गाड्यांबद्दल वाचताना ‘प्रोजेक्ट ७/१२’ असं समोर आलं, तेव्हा मी एकटाच मोठ्याने हसलो. बायको उठली. काय सांगणार?

तिकडचा खुलासा साधा आहे. इंजिन सात लिटरच्या वर म्हणून ७, सिलिंडर बारा म्हणून १२. खातेदार टीव्हीआर. १९४७ साली ट्रेव्हर विल्किन्सन नावाच्या तरुण मेकॅनिकने आपल्याच नावातली तीन अक्षरं काढून घेतली आणि कंपनीचं बारसं केलं. गाव ब्लॅकपूल, म्हणजे इंग्लंडच्या वायव्य किनाऱ्यावरचं जत्रेचं गाव. आयफेल टॉवरची नक्कल केलेला मनोरा, दिव्यांची रोषणाई, आणि सुट्टीला येणारी कामगार कुटुंबं. अशा ठिकाणी फायबरग्लासच्या बॉडीच्या, कानठळ्या बसवणाऱ्या गाड्या हाताने बनत होत्या.

१९८१ मध्ये फेरफार झाला आणि मालकाच्या रकान्यात पीटर व्हीलर आला. पेशाने केमिकल इंजिनिअर, आधी टीव्हीआरचा गिऱ्हाईक. गाडी आवडली म्हणून माणूस फार तर दुसरी घेतो, याने कंपनीच घेतली. त्याच्या राज्यात एबीएस आणि एअरबॅग या गोष्टी पोटखराब्यात जमा होत्या. ड्रायव्हरने डोकं वापरावं, असं त्याचं मत. मला हे मत पटत नाही, पण ज्या बेफिकिरीने तो ते बाळगून होता ती आवडते. त्याच्या नेड नावाच्या कुत्र्याने एकदा शिमेरा गाडीच्या फोमच्या नमुन्याचा समोरून लचका तोडला, आणि पडलेल्या खड्ड्यात इंडिकेटर बसवून टाकला, अशीही एक गोष्ट सांगतात.

तर ७/१२. १९९६ च्या बर्मिंगहॅम मोटार शोमध्ये तो पहिल्यांदा लोकांनी पाहिला. कंपनीचंच सहा सिलिंडरचं इंजिन होतं, तशा दोन रांगा एका क्रँकवर जोडल्या आणि ७.७ लिटरचं धूड तयार झालं. पुढे नाव बदलून सर्बेरा स्पीड १२ केलं. (माझ्या मते मोठी चूक. सातबारा कुणी बदलतं का?)

खरी मजा मोजणीत आहे. आपल्याकडे पूर्वी शंकू-साखळी घेऊन जमीन मोजत, तसं इंजिनची ताकद मोजायला डायनॅमोमीटर असतो. टीव्हीआरकडचा १००० अश्वशक्तीपर्यंतचा होता. इंजिन त्यावर चढवलं आणि मोजणीयंत्राचाच शाफ्ट तुटला. इंजिन ठणठणीत! मग सहा-सहाची एकेक रांग वेगळी मोजली. प्रत्येकी ४८० भरली. बेरीज ९६०. एवढा आकडा बाहेर सांगायला त्यांनाही संकोच वाटला असावा, कारण अधिकृतपणे ८०० च्या आसपास सांगत राहिले. शेजारपाजारच्यांची नजर लागू नये म्हणून आपण एकरी उतारा कमी सांगतो, तसंच.

आता हे सगळं जेमतेम टनभर वजनाच्या गाडीत. माझी स्विफ्ट त्याहून फार हलकी नाही आणि तिची ताकद ऐंशीच्या घरात. तिच्यात मी खंबाटकी चढताना एसी बंद करतो.

गाडी रेसिंगसाठी होती, सोबत रस्त्यावर चालेल अशीही विकायची, असा बेत होता. लोकांनी बयाणेही दिले. पण ज्या जीटी-१ गटात ती उतरायची, तो गटच नियम बदलून आटोपला. स्पीड १२ शेवटी ब्रिटिश जीटी स्पर्धांमध्ये धावली. उरली रस्त्यावरची गाडी.

इथे माझा जीव अडकतो. सात नंबरात मालक लिहितात, बारा नंबरात पीक. सात नंबर बसल्या जागी लिहिता येतो. बाराला बांधावर जावं लागतं. जायला हवं, असं म्हणू या. कित्येक वर्षं आमच्या माळावर चावडीत बसूनच ज्वारी उगवली, तिथे प्रत्यक्षात कुसळं होती. आता ई-पीक पाहणीत मोबाइल घेऊन अण्णांना स्वतःच जावं लागतं आणि फोटो काढताना त्यांचा अंगठा मध्ये येतो. व्हीलर मात्र स्वतः बांधावर गेला. एका संध्याकाळी तो स्पीड १२ चालवत घरी गेला आणि परत आला तो ठरवूनच: ही गाडी रस्त्यावर चालवण्याजोगी नाही. बयाणे परत. असलेल्या गाड्या खोलून त्यांचे भाग रेसच्या गाड्यांना लावले.

मग २००३ मध्ये एक रस्त्याची गाडी जुळवून विकायला काढली, जाहिरात ‘ऑटो ट्रेडर’मध्ये, जिथे लोक जुन्या फोर्ड आणि व्हॉक्सहॉल शोधतात. घ्यायला येणाऱ्याला व्हीलर स्वतः भेटून पारखत होता. पुढच्याच वर्षी त्याने कंपनी चोवीस वर्षांच्या एका रशियन तरुणाला विकली आणि २००६ च्या अखेरीस ब्लॅकपूलमधलं काम थांबलं.

अण्णांना परवा फोटो दाखवला, सगळी हकीकत सांगितली. चष्मा वर करून त्यांनी बराच वेळ पाहिलं.

“बयाणे परत केले म्हणतोस?”

“हो.”

“सगळ्यांचे?” असं म्हणून त्यांनी फोन पुन्हा हातात घेतला आणि गाडी सोडून त्या माणसाचा फोटो शोधायला सांगितला.