आवाज कमी केला, पिकप मात्र तसाच राहिला

चढ संपून जिथे वाट एकदम अरुंद होते तिथे समोर एक बाई घोडा धरून उभ्या होत्या. मी वर पोचायच्या बऱ्याच आधीपासून त्यांनी माझी डर्टबाईक, म्हणजे कच्च्या डोंगरवाटांवर चालवायची मोटरसायकल, ऐकलेली असणार, कारण लगाम दोन्ही हातांनी आवळून धरला होता, आणि घोड्याचे कान मागे, डोळ्यांचा पांढरा भाग दिसत होता, मागचे पाय जागच्या जागी नाचत होते. मी लगेच किल स्विच दाबला. त्या चिडल्या वगैरे नाहीत, "दादा, पाच मिनिटं गाडी बंदच ठेवा, मी याला पुढे नेते" एवढंच म्हणाल्या आणि घोड्याच्या मानेवर हात फिरवत माझ्या बाजूने निघून गेल्या. जाताना त्या जनावराच्या खांद्याचं कातडं थरथरत होतं ते मी हाताच्या अंतरावरून बघितलं आणि मला खरंच वाईट वाटलं.

त्याच दिवशी ठरवलं की या सायलेन्सरचं काहीतरी करायचं. पण मनात तीच धाकधूक जी आपल्या सगळ्यांच्या मनात असते, आवाज गेला की पिकप गेला. माझी गाडी ४५० सीसीची फोरस्ट्रोक, कार्बवाली (कार्ब्युरेटरमधे पेट्रोल आणि हवा मिसळणारी), आणि तिचा वरच्या आरपीएमचा (इंजिनच्या फेऱ्यांचा) जोर मला मनापासून आवडतो, तो घालवून मला शांतता नको होती. पुढचे दोनतीन महिने यातच गेले आणि जे कळलं ते सगळं इथे लिहितोय, कारण मला सुरुवातीला कोणी सांगितलं असतं तर बराच वेळ वाचला असता.

सुरुवात मी चुकीच्या टोकापासून केली. सायलेन्सरच्या तोंडात बसवायची एक बारीक नळी मिळते, इन्सर्ट म्हणतात, एक स्क्रू आवळला की काम झालं. बसवली, आवाज खरंच कमी झाला, पण गाडी अर्ध्या थ्रॉटलच्या (अ‍ॅक्सिलरेटरच्या) पुढे गेली की जणू कोणीतरी मागून धरून ठेवतंय असं वाटायला लागलं. खालच्या आरपीएमला काही फरक नाही, हळू चढावर तर छानच चालायची, पण मोकळ्या पट्ट्यात गिअर ओढायचीच नाही. स्पार्क प्लग काढून बघितला तर काळाकुट्ट. साहजिक आहे, बाहेर जायचं तोंडच लहान केलं तर वरच्या आरपीएमला जेवढा जळलेला गॅस बाहेर पडायला हवा तेवढा पडत नाही, मग आत ताजी हवा कमी येते आणि कार्बचं तेच जेट (पेट्रोल सोडणारं बारीक भोक) रिच पडायला लागतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त होतं. यामाहाच्या डब्ल्यूआर गाड्यांमधे कंपनीच अशी बारीक नळी बसवून द्यायची, वर थ्रॉटल पूर्ण उघडू नये म्हणून स्टॉपही असायचा, आणि घेणारे पहिल्याच आठवड्यात दोन्ही काढायचे, त्याचं कारण हेच.

पण माझा खरा प्रॉब्लेम तोंडाचा नव्हताच. रोग रेड्याला आणि औषध पखालीला असं चाललं होतं.

इन्सर्ट काढून टाकला आणि एका सुट्टीच्या दिवशी सायलेन्सर उतरवून टेबलावर घेतला. मागच्या कॅपचे रिव्हेट ड्रिलने उडवले, रबरी हातोडीने चारी बाजूंनी हळूहळू ठोकत कॅप सोडवली आणि आतला कोर, म्हणजे ती भोकाभोकांची जाळीदार नळी, बाहेर ओढली. आत नळी आणि बाहेरचा डबा यांच्यामधली जागा ग्लासवूलने (काचेच्या तंतूंच्या कापसाने) गच्च भरलेली असायला हवी. माझ्यात काय होतं, तर डब्याच्या तळाशी मूठभर राखाडी चुरा आणि कोरला चिकटलेले दोनतीन काळे कडक तुकडे, हात लावला की मोडणारे. बाकी डबा रिकामा! कोरची निम्मी भोकं कार्बनने बुजलेली. म्हणजे मी कित्येक महिने एक पोकळ पत्र्याचा डबा मागे बांधून फिरत होतो आणि तो ढोलासारखा वाजत होता.

आता हे नीट समजून घ्या कारण सगळी गोम इथे आहे. डर्टबाईकचे बहुतेक सायलेन्सर सरळ आरपार असतात, आत वळणं नाहीत, पडदे नाहीत. गॅस मधल्या नळीतून सरळ बाहेर जातो, आवाज मात्र त्या भोकांतून बाजूच्या पॅकिंगमधे, म्हणजे त्या ग्लासवूलमधे, शिरतो आणि तिथल्या लाखो तंतूंमधे घासून घासून त्याची उष्णता होते. म्हणजे गॅसला कुठे अडथळा नाही आणि आवाज मात्र मरतो. म्हणूनच पॅकिंग भरलेला सायलेन्सर शांत करताना पॉवर जायचा प्रश्नच येत नाही, आणि उलट पॅकिंग जळून गेलं की आवाज वाढतो, पॉवर काही वाढत नाही, पॅकिंग गेलेल्या नळीच्या भोकांपाशी गॅस घुटमळत जातो त्यामुळे झालीच तर थोडी कमी होते.

भरायचं काम अवघड नाही पण घाई करू नका. हातमोजे आणि मास्क घाला, ग्लासवूलचे कण कातडीत शिरले की दोन दिवस खाज जात नाही. कोर वायरब्रशने घासून एक एक भोक मोकळं केलं. मग कोरभोवती आधी स्टेनलेस स्टीलवूलचा एक पातळ थर, म्हणजे गरम गॅसचा पहिला मारा त्याच्यावर बसतो आणि वरचं ग्लासवूल जास्त टिकतं (साधं स्टीलवूल घेऊ नका, ते गंजतं आणि जळतं), त्यावर ग्लासवूलची चटई गुंडाळली आणि सुटू नये म्हणून ठिकठिकाणी मास्किंग टेप, तो टेप पहिल्या तापण्यातच जळून जातो, काही बिघडत नाही. किती घट्ट भरायचं यावर मात्र डोकं लावा. फार सैल राहिलं तर गॅस ते भोकांतून ओढून दोन रपेटीत बाहेर फेकून देतो. फार ठासून भरलं तर तंतूंमधली हवाच संपते आणि आवाज आत शिरायच्या ऐवजी परततो, म्हणजे भरून न भरल्यासारखं. डबा सरकवताना दोन्ही हातांनी सावकाश ढकलावा लागतोय पण हातोडी लागत नाहीये, एवढं बरोबर. शेवटी कॅपच्या कडेला जास्त तापमानाचं सिलिकॉन, नवीन रिव्हेट, आणि रात्रभर तसंच ठेवलं.

दुसऱ्या दिवशी किक मारली तर पहिल्यांदा वाटलं गाडी दुसऱ्याच कोणाची आहे. तो फाटका, कानाला ओरबाडणारा भाग गेला होता, खालचा जाड धप धप तेवढा राहिला होता.

तरीही मोकळ्या पट्ट्यात पहिल्यांदा फुल थ्रॉटल दिला तेव्हा मन सांगत होतं की गाडी हळू आहे. म्हणून घरी येऊन गणित मांडलं. अर्ध्या मीटरवर १०० डेसिबल आवाज म्हणजे दर चौरस मीटरला ०.०१ वॅट. त्या अंतरावरच्या गोलाचं क्षेत्रफळ सुमारे ३.१ चौरस मीटर. म्हणजे सगळ्या दिशांना मिळून आवाजात जाणारी शक्ती ०.०३ वॅटच्या आसपास. आवाज ११५ वर नेला तरी जेमतेम १ वॅट! आणि ४० हॉर्सपॉवर म्हणजे जवळजवळ ३०,००० वॅट. आवाज ही पॉवर नाहीच, तिच्यासोबत बाहेर पडणारा कणभर कचरा आहे. आपल्याला वेग वाढल्यासारखा वाटतो कारण शरीर आवाजावरून वेगाचा अंदाज बांधतं, त्यामुळे मी त्यानंतर तोच चढ, तोच गिअर आणि वर पोचल्यावर घड्याळ असंच तपासत गेलो, आणि वेळेत काहीही फरक नव्हता.

"इंजिनला थोडं बॅकप्रेशर (बाहेर जाणाऱ्या गॅसवर उलटा दाब) लागतंच" हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की त्यावर लिहिलंच पाहिजे. इंजिनला बॅकप्रेशर नको असतं, त्याला वेळेवर परत येणारी लाट हवी असते. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडला की दाबाची लाट बेंड पाइपमधून (इंजिनपासून सायलेन्सरकडे जाणाऱ्या नळीतून) पुढे पळते, पाइप जिथे मोठा होतो किंवा उघडा पडतो तिथून ती ओढणारी लाट होऊन उलटी फिरते, आणि दोन्ही व्हॉल्व्ह थोडे थोडे उघडे असताना ती परत पोचली तर जळलेला गॅस ओढून बाहेर काढते आणि मागोमाग ताजं मिक्श्चर आत खेचते. हे सगळं ठरतं मुख्यतः बेंड पाइपच्या लांबीवर आणि जाडीवर. म्हणून माझा साधा नियम असा झालाय की बेंड पाइपला आणि कोरच्या आतल्या व्यासाला हात लावायचा नाही, त्याच्या बाहेर शांततेसाठी जे करायचं ते करा.

आणि बाहेर करायचं म्हणजे मुख्यतः जागा वाढवायची. त्याच व्यासाचा कोर पण लांब आणि जाड डबा, म्हणजे आवाजाला पॅकिंगमधून जास्त वाट चालावी लागते. एफएमएफ कंपनीचा क्यू४ वगैरे शांत म्हणून विकले जाणारे सायलेन्सर बघितलेत तर ते रेसवाल्यांपेक्षा चांगलेच ठोकळे दिसतात, ते उगाच नाही. वजन थोडं वाढतं, ते मी मान्य केलं. होंडाने सीआरएफ ४५० आरला २०१३ मधे दोन आखूड सायलेन्सर दिले होते, एकेक लहान पण दोन मिळून जागा भरपूर, आणि २०२१ ला परत एकावर आले. दुसरी एक गोष्ट म्हणजे बेंड पाइपवर जो फुगवटा दिसतो तो. तो शोभेचा नसतो, तो एक रेझोनेटर आहे, ठराविक आवाजाची लाट त्या पोकळीत शिरून उलटी परत येते आणि मूळ आवाज काही प्रमाणात खोडते. ग्लासवूल बारीक किरकिऱ्या आवाजाला चांगलं मारतं, खालच्या जाड आवाजाला कमी, आणि तिथे हा फुगवटा उपयोगी पडतो. मी शेवटी पॅकिंग भरलेला एक लांब सायलेन्सर घेतला, मेन जेट एक नंबर बदलून प्लगचा रंग परत बदामी आणला आणि तिथे थांबलो.

लीक बघायला विसरू नका हे मात्र ओरडून सांगेन. बेंड पाइप जिथे इंजिनच्या हेडला बसतो तिथली गॅस्केट आणि मधला सांधा, यातून थोडी जरी हवा शिरली तरी थ्रॉटल सोडल्यावर फट फट फटाके फुटतात आणि आपण उगाच सायलेन्सरला दोष देतो. गाडी गार असताना चालू करून तोंडावर जाड फडकं क्षणभर दाबायचं आणि सांध्यांवर साबणाचं पाणी मारायचं, बुडबुडे आले की समजलं.

टूस्ट्रोकवाल्यांसाठी थोडक्यात, तुमची पॉवर त्या फुगीर एक्स्पान्शन चेंबरमधे आहे, मागचा छोटा सायलेन्सर फक्त आवाजाचं काम करतो, त्यामुळे तिथे पॅकिंग वेळेवर बदललं तर फायदाच फायदा, ते जळण्याआधी ऑइलने भिजून निकामी होतं. पण चेंबरच्या शेवटची बारीक नळी आणखी बारीक करायच्या फंदात पडू नका, उष्णता आत अडकते आणि पिस्टन जाम होण्यापर्यंत जातं.

आवाज मोजायचा असेल तर एसएई जे-१२८७ ची (सायलेन्सरजवळ आवाज मोजायच्या प्रमाण चाचणीची) पद्धत घरी जमण्यासारखी आहे, मीटर सायलेन्सरच्या तोंडापासून अर्धा मीटर, ४५ अंशात, तोंडाच्याच उंचीवर, आणि इंजिन साधारण रेडलाइनच्या (आरपीएमच्या वरच्या मर्यादेच्या) निम्म्या आरपीएमला. अनेक ठिकाणी या पद्धतीने ९६ डेसिबलची मर्यादा असते, कॅलिफोर्नियात १९८६ आणि त्यापुढच्या ऑफरोड गाड्यांना हीच आहे. मोबाईलचं अ‍ॅप आकडा अचूक देत नाही पण आधी आणि नंतर यातला फरक बऱ्यापैकी दाखवतं, फक्त दोन्ही वेळी फोन तोच, जागा तीच. ३ डेसिबल कमी म्हणजे आवाजाची शक्ती निम्मी, १० कमी म्हणजे कानाला साधारण निम्मा वाटतो. आणि कान म्हणाल तर ८५ डेसिबलला ८ तास ही सुरक्षित मानलेली मर्यादा, पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मी, म्हणजे १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटं. पूर्वी रपेटीनंतर रात्री उशीवर डोकं टेकलं की कानात शिट्टी वाजायची, आता वाजत नाही, तरी इअरप्लग घालतोच.

मी टाकीखाली फ्रेमवर टेपचा तुकडा लावून त्यावर पॅकिंग भरल्याचे इंजिन अवर्स लिहून ठेवलेत, २० तास झाले की डबा उघडून बघणार. आणि एक झालंय, एक्झॉस्ट शांत झाल्यापासून बाकीची गाडी ऐकू यायला लागलीये. एअरबॉक्सची घरघर, व्हॉल्व्हची टिकटिक, आणि परवा उतारावर थ्रॉटल बंद असताना स्विंगआर्मकडून (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याकडून) एक कर्र कर्र. उतरून बघितलं तर चेन स्लायडर (चेन आणि स्विंगआर्ममधली घासपट्टी) घासून घासून पार संपला होता आणि चेन सरळ अ‍ॅल्युमिनियमवर घासत होती, आधीच्या त्या गदारोळात हे कधीच कळलं नसतं. स्लायडर मागवलाय, येईपर्यंत गाडी स्टँडवर.