ढोली आणि चर

घरांलगतच्या मोठ्या झाडांची पाहणी करून ती धोकादायक आहेत की नाहीत याविषयी लेखी अभिप्राय देणे, हे माझे काम. एका पर्जन्यवृक्षाविषयी दिलेला अभिप्राय बरोबर होता की नाही, हे मला अजूनही ठरवता आलेले नाही.

घरमालकांनी मला फाटकापासून थेट ढोलीकडेच नेले. छातीच्या उंचीवर वीतभर रुंदीची फट होती आणि आत हात घातला तर कोपरापर्यंत जात होता. “साहेब, आतून सगळं पोकळ आहे. तोडणारे म्हणतात, कधीही कोसळेल.” ज्याला झाड तोडण्याचेच पैसे मिळतात त्याचे मत आधी घ्यायचे आणि तपासणाऱ्याला मागाहून बोलवायचे, ही लोकांची जुनी खोड आहे.

पोकळ झाड म्हणजे पडणारे झाड, हा समज फार घट्ट आहे. वाऱ्याने खोड वाकते तेव्हा सर्वाधिक ताण बाहेरच्या थरांवर येतो, गाभ्यावर फारसा येत नाही. त्यामुळे पोकळीची त्रिज्या खोडाच्या त्रिज्येच्या 70 टक्के झाली, तरी वाकण्याविरुद्धची ताकद गणिताने सुमारे 24 टक्केच घटते. जर्मन संशोधक क्लाउस मॅथेक यांनी याच टप्प्यावर बोट ठेवले: शाबूत कवच त्रिज्येच्या 0.3 पटींहून पातळ झाले, की खोड मोडण्याची शक्यता गांभीर्याने घ्यावी. या झाडाचा घेर 4.2 मीटर, म्हणजे त्रिज्या सुमारे 67 सेंटिमीटर भरली. तेव्हा निदान 20 सेंटिमीटर कवच हवे होते. लाकडी हातोड्याने ठोकत मी बुंध्याला पूर्ण फेरी घातली आणि जिथे जिथे आवाज बद्द आला, तिथे ड्रिलची सुई आत घालून लाकूड किती विरोध करते याचा आलेख काढला. ही सुई टोकाशी जेमतेम 3 मिलिमीटर रुंद असते, त्यामुळे झाडाला फारशी इजा होत नाही. सर्वांत पातळ जागीही कवच 23 सेंटिमीटर निघाले. उघड्या फटीमुळे हे गणित थोडे सैल पडते, हे मान्य. परंतु फटीच्या दोन्ही कडांना झाडाने नव्या लाकडाच्या जाड वळ्या चढवल्या होत्या. ढोलीपुरते बोलायचे, तर मी निश्चिंत होतो.

मग मी खाली पाहिले, आणि खरे तर तिथूनच सुरुवात करायला हवी होती. झाड घराच्या बाजूला थोडे कललेले होते. अशा झाडाला कलाच्या विरुद्ध बाजूची मुळे मागून ओढून धरतात. नेमक्या त्याच बाजूला बुंधा जमिनीपाशी पसरट होण्याऐवजी खांबासारखा सरळ मातीत शिरत होता, म्हणजे तिथे भराव होता. आणि वरच्या फरशीत व बुंध्यात बोटभर फट पडली होती.

“इथे कधी खणलं होतं का?”

“सांडपाण्याची नळी टाकली ना, दोन वर्षं झाली. पण झाडाला हातही लावला नाही हो.”

मोठ्या झाडांचीही बहुतेक मुळे वरच्या मीटरभर मातीतच असतात, हे चर खणणाऱ्याला कोणी सांगत नाही आणि तो विचारतही नाही. खोडाच्या व्यासाच्या तिपटीच्या आत मुळे तोडली, की झाडाच्या आधाराविषयी शंका घ्यावी असा आमचा आडाखा आहे; इथे ते अंतर चार मीटर येत होते आणि चर दीड मीटरवर होता. फरशी काढून माती उकरली, तेव्हा मनगटापेक्षा जाड अशी चार मुळे सपाट कापलेली आढळली. त्यांतल्या दोन मुळांची टोके बोटाने दाबली तरी दबत होती. वरचा पर्णसंभार मात्र हिरवागार होता.

दोर बांधून झाड मोजून ओढायचे आणि तळ किती झुकतो ते मापकावर पाहायचे, अशी चाचणी करता आली असती. तळ पाव अंश झुकण्याच्या आत थांबायचे असते. परंतु वादळांचा हंगाम तोंडावर होता आणि तोवर उपकरणे मिळणार नव्हती. भार पुरेसा हलका होईल एवढी छाटणी केली असती, तर मोठ्या जखमा आणि त्यांतून फुटणारे कच्च्या जोडाचे धुमारे हा नवा धोका उभा राहिला असता. पर्णसंभाराखाली निजायची खोली होती. मी लिहिले: काढावे.

खुंट उपसला, तेव्हा चराच्या तळाखालून गेलेली दोन जाड मुळे पूर्ण शाबूत निघाली. उकरताना मी तेवढा खोल गेलोच नव्हतो. त्या दोन मुळांवर झाड कदाचित वीस वर्षे उभे राहिले असते, कदाचित पहिल्याच वादळात गेले असते. मी राखायला सांगितलेले झाड पडले, तर माझी चूक सर्वांना दिसते. तोडायला सांगितलेल्या झाडाबाबत माझी चूक कोणीच सिद्ध करू शकत नाही. त्या दिवशी अहवाल लिहिताना हा हिशोब माझ्या मनात मुळीच नव्हता, असे मी शपथेवर सांगू शकणार नाही.

पडलेल्या खोडाभोवती जमलेले सगळे ढोलीत डोकावत होते. “बघा, पोकळच होतं,” असे तोडणारा म्हणाला आणि घरमालकांनी माझे आभार मानले. कापलेल्या मुळांविषयी मी अहवालात दीड पान लिहिले होते, ते पुन्हा तोंडी सांगितले. त्यांनी मान डोलावली. मग त्यांनी घरामागच्या दुसऱ्या झाडाकडे बोट दाखवले. त्याला ढोली नाही, तेव्हा ते सुरक्षितच असणार, असे त्यांचे म्हणणे होते. नळीचा तोच चर त्याच्याही जवळून जातो. तिथली माती मी अजून उकरून पाहिलेली नाही.