हातोडा आणि भेग

किनवट भागात माझी आरा गिरणी आहे. पातं फिरायच्या आधी ओंडक्यावरचा नंबर, मोजणी यादी, वाहतूक पास आणि माझं रजिस्टर असा चौघांचा मेळ बसावा लागतो. नाहीतर परवाना धोक्यात.

यंदा एका मामांनी बांधावरचा साग स्वतःच्याच घराच्या चौकटींसाठी तोडला. साग 1964 च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत येतो, म्हणून परवानगी रीतसर काढली. बहुतेक शेतकरी ठेकेदाराला उभी झाडं उक्ती देऊन मोकळे होतात. कागद तो करतो, भावही तोच पाडतो. मामांनी ते टाळलं, याचं मला फार कौतुक.

तोड झाली, ओंडक्यांच्या तोंडावर वनखात्याचा हातोडा बसला, म्हणजे नंबराची खूण ठोकली गेली, आणि वाहतूक पासची फाइल अडकली. उन्हात उघडा पडलेला साग तोंडापासून तडकतो. शेणमाती लिंपावी तर खूण झाकते. सगळ्यात सरळ ओंडक्याची भेग नेमकी हातोड्याच्या खुणेतून गेली. नंबर वाचता येईना, म्हणून फाइल पुन्हा वर. वनरक्षकाला मी दोष देत नाही. चोरटा साग पकडताना त्याने मारही खाल्लाय. पण चोर कुठे पासची वाट बघतो?

"आपलंच झाड, आपलंच घर, मंग थांबायचं कामून, शेठ?" मामा विचारायचे.

अखेर ओंडका आला. मध्यावर घेर 36 इंच, लांबी 8 फूट. घेराचा चौथा हिस्सा 9. नऊ नव्वे एक्याऐंशी, भागिले 144, गुणिले 8, म्हणजे साडेचार घनफूट. गाभा तुपकट, सोनेरी. पण भेग दीड फूट आत गेलेली. चौकटीचा उभा 7 फुटी हवा होता, निघाला साडेसहा. तोवर घरात शहरातून आणलेल्या तयार चौकटी बसल्या होत्या.

इथे लाकूड सुकवायची भट्टी हवी, सुतारांना एकत्र काम करायला शेड हवी, हे मी कधीपासून म्हणतोय. लाकूड उद्योगांच्या परवान्याचे अधिकार 2016 च्या केंद्रीय सूचनांनी राज्यस्तरीय समितीकडे आले. पण माल कधी सुटेल हेच ठाऊक नसेल, तर भट्टी कशाच्या भरवशावर पेटवायची? 2017 मध्ये बांबूला वन कायद्यातल्या झाडाच्या व्याख्येतून काढलं. बांबूसाठी एवढं होतं, तर सातबाऱ्यावर नोंद असलेल्या बांधावरच्या सागाला निदान पासची ठरलेली मुदत तरी द्या.

परवा मामा आले होते. खुंटांना फुटवे आलेत. राखू का उपटून टाकू, विचारत होते. राखा म्हणालो, आणि तलाठ्याकडे नोंदीचा अर्ज तिथेच बसून लिहून दिला.