राखणीला हेड कुठलं?

सामूहिक वनहक्क, म्हणजे आपलं जंगल सांभाळायचा आणि वापरायचा कायदेशीर हक्क मिळालेल्या गावांसोबत बसून त्यांच्या जंगलाचे आराखडे लिहायचे, हे माझं काम. गावं मेळघाटच्या पायथ्याची. शिवारफेरी, नकाशे, म्हाताऱ्यांकडून ‘इथं आधी काय होतं’ हे ऐकणं, यात दिवस मजेत जातात. घोडं अडतं ते अंदाजपत्रकाशी.

आता रायमुनियाचंच घ्या. म्हणजे घाणेरी, गवताची जागा व्यापून टाकणारं झुडूप. नुसती कापली की दुप्पट जोमानं फुटते. फळं धरायच्या आत मुळाच्या मानेखाली कुदळीचा घाव घालायचा आणि झुडूप उलटं करून ठेवायचं, म्हणजे पुन्हा रुजत नाही. एवढं करूनही मातीतलं बी पुढचे दोन-तीन पावसाळे उगवतच राहतं, पाखरं नवं आणून टाकतात ते वेगळंच. मोकळ्या जागी लगेच गवत धरलं नाही तर सगळी मेहनत पाण्यात. आणि इस्टिमेटमध्ये काय असतं? पहिल्या वर्षाची मजुरी, हेक्टरी. मार्चअखेर खर्च दाखवा, फाइल बंद.

पैसाच नाही म्हणावं, तर तसंही नाही. २०१९ साली केंद्रानं कॅम्पा निधीतले ४७ हजार कोटींहून जास्त रुपये राज्यांकडे वळते केले, त्यात महाराष्ट्राचे ३,८०० कोटींवर. खाणी, धरणं, रस्ते यांत जंगल गेलं, त्याच्या भरपाईचा हा पैसा. तो वनखात्यामार्फत खर्च होतो. ग्रामसभेशी फक्त सल्लामसलत करायची.

अचलपूर तालुक्यातल्या पायविहीरला २०१२ मध्ये १९२ हेक्टरवर हक्क मिळाला. रोहयोची मजुरी होतीच, पण माझ्या मते खरं काम केलं ते गावानं स्वतः धरलेल्या राखणीनं. पुढे तिथलं सीताफळ मुंबईच्या बाजारात गेलं. विकायला काही असलं की राखणही टिकते.

नव्या आराखड्यात आम्ही क्रमच फिरवलाय. आधी पाच वर्षांची राखण, मग रायमुनिया, मग गवताचं बी. रोपं सगळ्यात शेवटी, तीही जिथं झाडांची जुनी थुटं उरली नाहीत तिथंच. साग, धावडा, तेंदू चराई थांबली की बुडातून आपसूक फुटतात. त्यांच्या शेजारी खड्डे खणून कुणाचं भलं होतं?

फाइल पाहून साहेबांनी विचारलं, “राखणीला हेड कुठलं टाकू?” हेड म्हणजे अंदाजपत्रकातलं खर्चाचं खातं. तोवर ग्रामसभेनं ठराव केलाय: सीताफळाच्या पैशातून दोन राखणदारांची मजुरी.